पक्क्या वहीतून कच्च्या वहीकडे: चित्र काढताना परिपूर्णतेचा अट्टाहास कसा सोडावा

नोकरी सांभाळून पुन्हा चित्रे काढायची असे मी पस्तिशीत ठरवले आणि पहिल्याच आठवड्यात ३०० जीएसएम वजनाच्या, पूर्ण सुती जलरंग कागदाचे वीस मोठे ताव विकत आणले. हे ताव पुढची चार वर्षे माहीमच्या आमच्या घरात कपाटावर पडून राहिले, कारण इतक्या चांगल्या कागदाला शोभेल असे चित्र माझ्या हातून अजून होणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. चार पावसाळे गेल्यावर एकदा धीर करून त्यातला एक ताव काढला आणि त्यावर आकाशाचा पातळ निळा थर दिला, तेव्हा टीपकागदावर शाई शोषली जावी तसा रंग जागोजागी आत ओढला गेला आणि गडद ठिपके उमटले. रंग पृष्ठभागावर टिकून राहावा म्हणून जलरंग कागदाला सरसाचे लेपण केलेले असते, त्याला चित्रकार साइझिंग म्हणतात. समुद्राकाठच्या दमट हवेत ते लेपण खराब झाले होते. एकेक करून मी सगळे ताव तपासले आणि एकही जलरंगासाठी कामाचा राहिलेला नव्हता.

त्या वीस तावांनंतर मी ज्या क्रमाने काम करायला शिकले, तो क्रम येथे लिहीत आहे. शाळेत चित्रकला आवडत असे पण आता कागद समोर आला की हात आखडतो, सुरू केलेले चित्र पूर्ण होत नाही किंवा पूर्ण झालेले कोणाला दाखवावेसे वाटत नाही, अशा अवस्थेत तुम्ही असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ‘अट्टाहास सोड, मोकळेपणाने काढ’ असा सल्ला मला पुष्कळांनी दिला आणि तो चुकीचा नव्हता, परंतु मनाची समजूत घालून हा अट्टाहास गेल्याचे मला तरी आठवत नाही. कागद, पेन, वेळ आणि चित्रांची संख्या यांची मांडणीच अशी करावी लागते की त्याला ढवळाढवळ करायला जागा उरत नाही.

आपल्याकडे ही सवय बहुधा शाळेतच लागते. कच्च्या वहीत लिहायचे, तपासून घ्यायचे आणि मग सुवाच्य अक्षरात पक्क्या वहीत उतरवायचे, हा शिरस्ता गणितात उपयोगी पडतो. चित्रकलेत मात्र आपल्याला बहुतेक वेळा एकच वही मिळाली आणि ती पक्की होती. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी आपल्यापैकी अनेकांना चित्रकलेची गोडी लावली, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. पण परीक्षा म्हटली की ठरलेला वेळ आणि एकच कागद हे ओघाने येते. इंटरमिजिएटला संकल्पचित्र रंगवताना माझ्या कागदावर पोस्टर रंगाचा एक थेंब सांडला, तो ओल्या फडक्याने पुसता पुसता कागद फाटला आणि मी उरलेला वेळ ब्रश हातात न घेता बसून काढला. परीक्षा संपली, परंतु एका थेंबाने सगळे चित्र बाद होते हा हिशेब पुढे वीस वर्षे माझ्या हातात राहिला.

सुरुवातीला काय जवळ हवे

- किमान शंभर पाठकोरे कागद. कार्यालयातील जुन्या छापील कागदांची कोरी बाजू चालते, फक्त छापील बाजूला कोणाची खासगी माहिती नाही ना, हे पाहून घ्यावे.
- साधे बॉलपेन किंवा जेल पेन. खोडरबर घरात असेल तर पहिला महिना दुसऱ्या खोलीत ठेवावे.
- दगडी पाटी, एक जाड ब्रश आणि वाटीभर पाणी.
- मोबाइलमधला टायमर किंवा स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ.
- बारा रंगांची जलरंगाची लहान पेटी आणि आठ क्रमांकाचा एक गोल ब्रश. यांची गरज सहाव्या टप्प्यात पडेल.
- झाकणाचा एक खोका. बुटांचा खोका पुरतो.

मुंबईत हे सामान घेण्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट सोयीची आहे, कारण तेथे कागद आणि लेखनसाहित्याची दुकाने ओळीने आहेत. तेथे गेल्यावर ईझल, सुती कागद आणि वीस ब्रशांचा संच घेण्याचा मोह होईल. ती खरेदी तीन महिने पुढे ढकला. खरेदीने काम सुरू झाल्याचे समाधान मिळते आणि प्रत्यक्ष काम मागे पडते, याचा पुरावा माझ्या कपाटावर चार वर्षे होता.

टप्पा १: आपले नेमके कोठे अडते ते शोधा

पहिला आठवडा काहीही बदलू नका. रोज चित्र काढण्याचा प्रयत्न करा आणि ज्या क्षणी हात थांबेल त्या क्षणी एका ओळीत नोंद करा: किती वाजले होते, काय चालले होते आणि मनात कोणते वाक्य आले. सात दिवसांच्या नोंदी वाचल्यावर असे दिसेल की अडण्याची जागा सहसा एकच असते. काहींचे सुरुवातीलाच अडते, म्हणजे विषय ठरत नाही, टेबल आवरले जाते, पेन्सिलीला पुन्हा टोक केले जाते. काहींचे मध्ये अडते, म्हणजे एकच डोळा दहादा खोडून काढला जातो. काहींचे शेवटी अडते, म्हणजे चित्र झालेले असते पण ते झाले असे म्हणवत नाही.

पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली या प्रवृत्तीचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून परिपूर्णतेची अपेक्षा, इतरांकडून ती अपेक्षा आणि इतरांनी आपल्याकडून ती अपेक्षा ठेवली आहे अशी समजूत. नोंदी वाचताना ही विभागणी मला उपयोगी पडली. माझ्या वह्यांत ‘हे बघून लोक काय म्हणतील’ हे वाक्य वारंवार सापडले आणि ते लोक कोण, असे स्वतःला विचारल्यावर मला एकाही जिवंत माणसाचे नाव लिहिता आले नाही. तुम्हीही ते नाव लिहून पाहा.

सुरुवातीला अडत असेल तर टप्पा २ आणि ३ यांवर अधिक वेळ द्या. मध्ये अडत असेल तर ४ आणि ५ यांवर, आणि शेवटी अडत असेल तर ६ ते ८ यांवर. मात्र एकही टप्पा पूर्ण गाळू नका.

टप्पा २: पाटीवर पाण्याने चित्र काढा

ब्रश पाण्यात बुडवून दगडी पाटीवर समोरच्या वस्तूचे चित्र काढा. ओली पाटी गडद दिसते, त्यामुळे रेषा स्पष्ट उमटते आणि पाणी वाळत जाईल तशी मिटते. हिवाळ्यात पंख्याखाली ती लवकर जाते, जुलै महिन्यात बराच वेळ रेंगाळते. रोज अशी पाच चित्रे आठवडाभर काढा. त्यांचा फोटो काढू नका, ही अट महत्त्वाची आहे, कारण फोटो काढला की पाटीचीही पक्की वही होते.

हा सराव मला सुचला तो आईच्या रांगोळीवरून. ती चाळीतल्या दाराशी रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी काढत असे आणि एखादा ठिपका ओळीबाहेर पडला तर तो न पुसता रेष जरा वळवून त्याला आत घेत असे. संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी रांगोळी विस्कटायची आणि त्याबद्दल तिने कधी हळहळ व्यक्त केलेली मी पाहिली नाही, कारण उद्याची रांगोळी उद्या काढायचीच होती. घरात पाटी नसेल तर रांगोळीनेही हा टप्पा पूर्ण करता येतो.

टप्पा ३: पाठकोऱ्या कागदावर, पेनाने

पेन्सिल आणि खोडरबर एकत्र असले की आपण काढतो कमी आणि दुरुस्त जास्त करतो. पेनाची रेषा परत घेता येत नाही, म्हणून चुकलेल्या रेषेचे काय करायचे हे एकदाच ठरवून टाकावे लागते: ती तशीच ठेवायची आणि तिच्या शेजारून अधिक योग्य वाटणारी दुसरी रेषा काढायची. दोन्ही रेषा कागदावर राहतात. थोड्या दिवसांनी तुमच्या लक्षात येईल की चुकीची रेषा दिसत असते म्हणूनच दुसरी जागच्या जागी पडते, आणि पहिली खोडली असती तर तोच अंदाज पुन्हा शून्यापासून करावा लागला असता.

याच टप्प्यात कागदाकडे न पाहता बाह्यरेषा काढण्याचा सराव करा. स्वतःचा डावा हात, दारातल्या चपला, कुकर, खुंटीवरची पिशवी, असे काहीही समोर घ्या. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या गतीने सरकवा आणि त्याच गतीने पेन कागदावर सरकू द्या, पण चित्र पूर्ण होईपर्यंत कागदाकडे पाहू नका. बोटे वाकडी येतील, चपलेचा अंगठा टाचेला जाऊन मिळेल. हा सराव जगभरच्या कलाशाळांतून करून घेतला जातो, तो पाहण्याची सवय लागावी म्हणून, आणि आपल्यासाठी त्याचा आणखी एक फायदा आहे: कागद दिसत नसताना चित्राला नावे ठेवता येत नाहीत, त्यामुळे निदान पाच मिनिटे सलग काम होते.

टप्पा ४: वेळ आधी ठरवा आणि वेळ संपली की थांबा

मकबूल फिदा हुसेन मुंबईत आले तेव्हा पोट भरण्यासाठी चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवत असत. फलक रंगवणाऱ्या कारागिरांची पद्धत अशी की छायाचित्रावर चौकटी आखायच्या, त्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या आणि चौकटीमागून चौकट भरत जायचे. चित्रपट ठरलेल्या दिवशी लागणार असे आणि त्याआधी फलक चढवावाच लागे. नाक मनासारखे झाले नाही म्हणून प्रदर्शनाचा दिवस पुढे जात नसे. अशी बाहेरची तारीख आपल्याला कोणी देत नाही, म्हणून घड्याळाकडून ती मागून घ्यावी लागते.

पहिले दोन आठवडे रोज वीस मिनिटांची एकच बैठक करा. त्यात तीस-तीस सेकंदांची दहा चित्रे, दोन-दोन मिनिटांची पाच आणि शेवटी पाच मिनिटांचे एक, असा क्रम ठेवा. गजर वाजला की शब्द अर्ध्यावर तोडावा तसे पेन उचला. तीस सेकंदांत नाकडोळे काढणे शक्यच नसते, माणूस कोणत्या बाजूला झुकला आहे आणि वजन कोणत्या पायावर आहे एवढेच टिपता येते, आणि पुढच्या प्रत्येक चित्राला नेमका त्याचाच आधार लागतो.

मुंबईत या सरावासाठी लोकलइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर धिम्या गाडीत खिडकीशी बसा आणि एका स्थानकावरून पुढच्या स्थानकापर्यंत एक चित्र, असा नियम करा. दोन स्थानकांमध्ये तीन-चार मिनिटे मिळतात, समोरची व्यक्ती केव्हाही उतरून जाऊ शकते आणि डबा हलत असल्यामुळे सरळ रेषेची अपेक्षाच उरत नाही. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मात्र वही काढू नका, त्याचा इतरांना त्रास होतो. अनोळखी माणसांचे चित्र काढताना पाठमोरे किंवा झोपलेले प्रवासी निवडणे बरे, असे पूर्वी मला वाटे, परंतु झोपलेल्या माणसाला नकार देता येत नाही, म्हणून आता मी हात, पिशव्या, पाठी आणि कडीला धरलेली मनगटे काढते. कोणी अवघडल्यासारखे दिसले तर लगेच वही मिटावी, आणि कोणी विचारले तर चित्र दाखवावे. भायखळ्याची राणीची बागही या सरावाला उत्तम आहे, कारण पक्षी आणि प्राणी आपल्यासाठी स्थिर बसत नाहीत. बुधवारी ती बंद असते.

टप्पा ५: शंभर चित्रे मोजा आणि एकही फाडू नका

आता ध्येय बदला. ‘एक चांगले चित्र’ हे ध्येय काढून टाका आणि त्या जागी ‘शंभर चित्रे’ हे ध्येय ठेवा. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात क्रमांक आणि तारीख घाला, कागद खोक्यात टाका आणि झाकण लावा. रोज तीन काढली तरी पाच आठवड्यांत शंभर होतात. झाकण लावल्यानंतर शंभरावे चित्र होईपर्यंत मागची काढून पाहायची नाहीत.

हा टप्पा सांगायला सोपा आणि पाळायला सर्वांत कठीण आहे. साधारण विसाव्या-पंचविसाव्या चित्राच्या सुमारास कंटाळा येतो, तेच ते विषय येतात आणि आपण केवळ संख्या भरत आहोत असे वाटू लागते. येथे बरेच जण सोडून देतात. मीही पहिल्या खेपेला एकतिसाव्या चित्राला सोडले होते. दुसऱ्या खेपेला मी विषय एकच ठेवला, स्वयंपाकघरातली पितळी कळशी, आणि शंभरही चित्रे तिचीच काढली. विषय निवडण्याची अडचण मिटल्यामुळे काम पुढे गेले. साठाव्या चित्रानंतर कळशीचे तोंड लंबवर्तुळाकार येते की नाही याची धास्ती संपली होती, कारण काहींत ते आले होते, काहींत आले नव्हते आणि दोन्ही कागद त्याच खोक्यात होते.

फाडण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १९०८ साली प्रदर्शनाच्या तोंडावर कमळतळ्याची आपली अनेक चित्रे नष्ट केली आणि ते प्रदर्शन पुढच्या वर्षी, १९०९ मध्ये झाले. हा दाखला फाडण्याच्या समर्थनार्थ दिला जातो, पण मोने तोपर्यंत काही दशके चित्रे काढत आले होते आणि त्याच तळ्यावर वर्षानुवर्षे काम करत होते. चित्र संपल्यावर पाच मिनिटांत आपण जे फाडतो, त्यामागे इतका अनुभव नसतो. त्या वेळी मनात योजलेले चित्र ताजे असते आणि कागदावरचे त्याच्याशी जुळत नाही, एवढेच खरे असते. महिन्याभराने मनातले चित्र विरते आणि कागदावरचे प्रथमच दिसू लागते. माझ्या शंभरांतील जे चित्र मी आज भिंतीवर लावले आहे, ते अठ्ठेचाळिसावे आहे, आणि त्याच्या मागे मी त्या दिवशी ‘वाया’ असा शेरा लिहिला होता.

टप्पा ६: ‘पुरे’ कधी म्हणायचे ते रंग कालवण्यापूर्वी लिहा

जलरंगांकडे आता वळा. अट्टाहासाचे परिणाम इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे माध्यम नाही, कारण पारदर्शक रंगावर पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला की खालचा थर उचलला जातो, रंग एकमेकांत मिसळतात आणि चित्र मळते. मळलेले चित्र अधिक काम केल्याने उजळत नाही.

म्हणून सुरुवातीलाच कागदाच्या मागे शेवट लिहून ठेवा. माझा नियम असा आहे: तीन थर. पहिला सर्वांत फिकट आणि जवळजवळ पूर्ण कागदावर, जेथे पांढरे हवे तेवढी जागा सोडून. दुसरा मध्यम छटेचा, मोठ्या आकारांसाठी. तिसरा गडद, मोजक्या ठिकाणी. तिसरा थर संपला की ब्रश धुऊन, उभा करून ठेवायचा. ‘आता अजून काय करू?’ असा प्रश्न मनात आला तर चित्र संपले आहे असे समजायचे, कारण खरोखर काही उरलेले असते तेव्हा काय उरले आहे हे आधीच डोळ्यांना दिसत असते.

मुंबईच्या हवेत येथे एक खास अडचण येते. जून ते सप्टेंबर या काळात पहिला थर वाळायला कधी कधी अर्धा तास लागतो, आणि थांबवत नाही म्हणून आपण ओलसर थरावरच दुसरा थर देतो. अर्धवट वाळलेल्या रंगात जास्त पाण्याचा ब्रश टेकला की पाणी रंगकण कडेला ढकलते आणि फुलकोबीसारखे डाग उमटतात. त्यावर उपाय साधा आहे: एका वेळी तीन चित्रे समोर ठेवा. एकाचा थर वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम करा. कागद वाळला की नाही हे हाताची मागची बाजू टेकवून पाहा, थंड लागला तर तो अजून ओला आहे. तीन चित्रे एकदम चालू असली की कोणत्याही एका चित्रावर जीव टांगलेला राहत नाही, हा या पद्धतीचा मला अपेक्षित नसलेला लाभ होता.

चांगला कागद घ्यायचा झाला तर याच टप्प्यात आणि एका वेळी पाच तावांहून अधिक नको. ताव चौथाई करून प्लास्टिकच्या बंद पिशवीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी संपवून टाका.

टप्पा ७: पाहण्याचा दिवस वेगळा ठेवा

काम आणि परीक्षण एकाच बैठकीत करू नका. महिन्यातून एका रविवारी खोका उघडा, सगळे कागद जमिनीवर मांडा आणि उभे राहून पाहा. तीन प्रश्नांची उत्तरे लिहा: कोणत्या तीन चित्रांवर नजर पुन्हा जाते, त्या तिघांत समान काय आहे, आणि पुढच्या महिन्यात कोणते एकच कौशल्य वाढवायचे. पहिल्या महिन्यात मी ‘सावलीची कड’ एवढेच लिहिले होते आणि बाकी कोणत्याही उणिवेकडे त्या महिन्यात लक्ष द्यायचे नाही असे ठरवले होते.

चोखंदळपणा वाईट आहे असे मी म्हणत नाही. तो नसेल तर शंभर चित्रांनंतरही हात तेथेच राहील. त्याला महिन्यातला एक दिवस पूर्ण द्यावा आणि उरलेले दिवस त्याला कामाच्या टेबलाशी येऊ देऊ नये, इतकीच माझी सूचना आहे. याच संदर्भात वासुदेव गायतोंडे यांचे नाव हमखास निघते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले हे थोर चित्रकार वर्षभरात मोजकीच चित्रे पूर्ण करत, रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत आणि उतरवत. त्यांच्या संथपणाचा आधार घेऊन आपली अपूर्ण चित्रे योग्य ठरवण्याचा मोह मलाही झाला होता. परंतु त्यांची मोजकी चित्रे पूर्ण होत होती आणि कलादालनात जात होती, माझी कपाटावर जात होती.

टप्पा ८: एका माणसाला दाखवा

जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर व्यक्तिचित्रे काढणारे कलावंत बसतात. कधी तरी अर्धा तास त्यांच्याजवळ उभे राहून पाहा. गिऱ्हाईक समोर बसलेले असते, त्याचे नातेवाईक मागून डोकावत असतात, आणि रेषा पडत राहते. मान्य आहे की त्यांच्यामागे हजारो चेहऱ्यांचा सराव आहे, पण तो सरावही बघ्यांच्या देखतच झालेला आहे.

तुम्ही एका माणसापासून सुरुवात करा. मोठा समूह नको, आणि घरातली सर्वांत चिकित्सक व्यक्तीही नको. ‘कसे झाले आहे?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘छान’ किंवा ‘ठीक’ यांपलीकडे जात नाही. ‘तुझी नजर आधी कोठे गेली?’ असे विचारा. चित्र पुढे करताना ‘घाईत काढले आहे’, ‘हा हात जरा चुकला आहे’ अशी प्रस्तावना करण्याची सवय मोडा. मला ती मोडायला चित्र काढण्यापेक्षा अधिक दिवस लागले.

नेहमीचे सापळे

समाजमाध्यमांवर दुसऱ्यांची पूर्ण झालेली चित्रे पाहून लगेच स्वतःच्या टेबलाशी बसणे टाळा. आपण त्यांची पक्की वही आणि आपली कच्ची वही शेजारी ठेवत असतो. निदान कामापूर्वीचा एक तास ती पाहू नका.

दुसरा सापळा असा की वरचे टप्पेच काटेकोरपणे पाळण्याची धडपड सुरू होते. एक दिवस चुकला म्हणून शंभराची मोजणी पुन्हा एकापासून सुरू करणारे मी पाहिले आहेत. चुकलेल्या दिवसाची भरपाई करू नका, पुढच्या क्रमांकापासून सुरू करा.

आणि एक गोष्ट गांभीर्याने सांगते. हा अट्टाहास चित्रांपुरता न राहता झोप, जेवण, नोकरी आणि नाती यांत शिरला असेल, चूक होण्याच्या भीतीने रोजची कामेही होत नसतील, तर पाटी आणि खोका यांनी ते सुटणार नाही. समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक यासाठीच आहे.

टप्पा ९: कान्हेरीला जा

शंभर चित्रे झाली की एक सकाळ बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांसाठी काढा. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत. बहुतेक लोक पहिल्या क्रमांकाच्या लेण्यापुढे न थांबता तिसऱ्या क्रमांकाच्या भव्य चैत्यगृहाकडे जातात, कारण पहिले लेणे अपूर्ण आहे. तुम्ही तेथेच बसा. पुढचे जाड खांब उभे आहेत आणि आतले काम अर्ध्यावर थांबलेले आहे. मग तिसऱ्या लेण्यात जा आणि खांब एकेक करून पाहा: काहींना घडीव तळखडे आणि कोरीव शीर्षे आहेत, उरलेले साधे अष्टकोनी ठेवलेले आहेत. मी हे लेणे शाळेच्या सहलीपासून चार-पाचदा पाहिले होते आणि साधे खांब मला कधी दिसलेच नव्हते. त्या छताखाली उपासना झाली, लोक आले आणि गेले, आणि ते खांब तसेच राहिले.

एक घडीव खांब आणि एक साधा खांब शेजारी शेजारी काढा, प्रत्येकी दहा मिनिटे, पेनाने. उद्यान सोमवारी बंद असते. प्रवेशद्वारापासून लेणी काही किलोमीटर आत आहेत, म्हणून सकाळी लवकर पोहोचा आणि पिण्याचे पाणी जवळ ठेवा. माकडे पिशवीवर झडप घालतात, खाण्याचे काही वहीसोबत ठेवू नका. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात आणि कातळावरून पाणी वाहत असते, तेव्हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, आणि परत आल्यावर दोन्ही खांबांवर १०१ आणि १०२ हे क्रमांक घालून ते खोक्यात ठेवा.